पार्किंग आहे का?

शनिवारी सकाळी आमच्याकडे फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘पार्किंग आहे का?’ खोली कशी आहे, गरम पाणी मिळेल का, हे सगळं नंतर. आम्ही लोणावळेकर. मुलं शिकायला पुण्याला गेली आणि वरच्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यायला लागलो. त्यामुळे गावातल्या गर्दीबद्दल तक्रार करताना माझी जीभ जरा अडखळतेच.

लोणावळ्याचा पावसाळा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल, पण गाडीच्या काचेतून. आम्ही तो उंबऱ्यातून बघतो. बाजार, चिक्कीची दुकानं, दवाखाने, सगळी वर्दळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आजूबाजूला. गावाच्या मधून रेल्वे आणि भुशी धरण रुळांच्या पलीकडे. म्हणजे आलेली गाडी गावाच्या पोटातूनच जाणार. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा सासरे म्हणाले होते, ‘सुटलो बुवा!’ ट्रक कमी झाले खरे. पण मुंबई इतकी जवळ आली की सकाळी निघून भजी खाऊन रात्री घरी परतणाऱ्यांची रीघ लागली.

गेल्या वर्षी जुलैतला एक रविवार. अकराच्या सुमारास शेजारच्या आक्कांच्या हातातलं ताट निसटलं. पित्त झालं असेल म्हणून त्यांना निजवलं, त्यात तासभर गेला. मग सून धावत आली, ‘काकू, आक्कांचं तोंड वाकडं दिसतंय हो!’ ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती यायलाच तास गेला, आणि आली तीही गल्लीच्या तोंडाशी थांबली. कारण तिथे एक मोठी गाडी आडवी उभी होती. आमच्याच पाहुण्यांची. पाहुणे भुशीवर, किल्ली त्यांच्या खिशात, फोन लागेना. आमच्या ह्यांनी आणि दोन पोरांनी ढकलून पाहिली, तसूभर हलली नाही. शेवटी आक्कांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, वर छत्री धरून, चौघांनी उचलून नेलं. पुढे गाव ओलांडायला पन्नास मिनिटं लागली. इथल्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, हे मला तेव्हा कळलं. पुण्याला पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती. आक्का वाचल्या. उजवा हात मात्र उचलत नाही.

संध्याकाळी पाहुणे भिजून, कणसं खात परतले. त्यांना काय बोलणार? ‘गाडी तिथे कडेला लावा’ असं मीच सांगितलं होतं.

त्यानंतर आमच्या बचत गटात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं रस्ता रुंद करा. मला ते पटत नाही. मोठं पातेलं घेतलं म्हणून घरात माणसं कमी जेवतात का? उलट आणखी चार पानं वाढतात. रस्त्याचंही तेच. आणि रुंद करायला जागा घेणार ती चालणाऱ्यांचीच. आम्ही एके दिवशी शिवणकामाची टेप घेऊन निघालो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीप्रमाणे पादचारी मार्ग किमान १.८ मीटर मोकळा हवा. आम्ही मोजलं तिथे खांब आणि दुकानाची पायरी यांच्यामध्ये साडीच्या पन्ह्याइतकीही जागा नव्हती. म्हणून तर दप्तरवाली पोरं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका गाड्यांमधून चालतात.

आपल्याजवळच माथेरान आहे. तिथे गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे माणसं चालत, घोड्यावर नाहीतर छोट्या गाडीतून जातात. म्हणून कुणी माथेरानला जायचं सोडलं नाही. लोणावळ्यातून हमरस्ता जातो, इथे तशी बंदी चालणार नाही, हे मलाही कळतं. पण शनिवार-रविवार फिरायला आलेल्यांच्या गाड्या गावाबाहेर उतरवून पुढे बस सोडता येईल की! ॲम्ब्युलन्ससाठी एक पट्टा मोकळा ठेवता येईल. २०२४ च्या ३० जूनला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. मदतीला धावणाऱ्यांनाही हाच रस्ता असतो.

शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना देण्याचा अधिकार १९६६ च्या नगररचना कायद्याने आपल्याला दिलाय, हे बी. ए. होऊनही मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या एकीनेही आराखड्याचा नकाशा कधी पाहिला नव्हता. नगरपरिषदेत निम्म्या जागा बायकांच्या, आणि चौकात उभं राहून रस्ता ओलांडण्याची वाट बघणाऱ्याही बायकाच! आता टेपची मापं लिहून, बावीस जणींच्या सह्यांचा अर्ज तयार केलाय. आक्कांनी डाव्या हाताने अंगठा उठवला.

आणि फोन? कालच आला होता. ‘पार्किंग आहे का?’

‘नाही,’ म्हटलं, ‘पुण्याहून लोकल आहे, मुंबईहून इंद्रायणी. स्टेशनवर रिक्षा पाठवते.’

पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. ह्यांनी पेपरातून मान वर केली, काही बोलले नाहीत. या महिन्यातलं हे तिसरं.