‘कुणाला सांगणार नाही’ म्हणण्याआधी

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बालरुग्ण विभागात पाठवण्याआधी मी त्यांना एक वाक्य विसरायला सांगते. ‘तू मला काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही.’

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका रुग्णालयात माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीनं हेच वचन एका तेरा वर्षांच्या पेशंटला दिलं. पेशंटला टाइप वन मधुमेह, रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘ताई, शाळेत सगळ्या बघतात म्हणून दुपारचं इंजेक्शन मी घेतच नाही. आईला सांगू नका हं.’’ विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. सांगावं तर विश्वास मोडतो. न सांगावं तर जिवाशी खेळ, कारण या मधुमेहात इन्सुलिन चुकत गेलं की रक्तात आम्ल साठतं आणि मूल बेशुद्धही होऊ शकतं.

चूक तिची नव्हती, माझी होती. चाचण्या कशा घ्यायच्या हे मी शिकवलं होतं. पहिल्या भेटीत काय बोलायचं, ते राहून गेलं होतं.

आईला आम्ही मुलीच्या पाठीमागे गाठलं नाही. मुलीलाच विचारलं, ‘‘तू सांगतेस, की दोघी मिळून सांगू? पण आजच.’’ दोघींनी मिळून सांगितलं. आई आधी रागावली, मग रडली. पुढे शाळेत शिक्षकांच्या खोलीत इंजेक्शन घ्यायची सोय झाली. इतकी साधी अडचण होती!

कायद्यालाही ‘कुणालाच नाही’ हे मान्य नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण इजा टाळण्यासाठी आवश्यक तेवढं सांगायची मुभाही ठेवतो. २०१२च्या पोक्सो कायद्यात तर निवडच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तो होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. ‘मी तर विद्यार्थी’ ही सबब तिथं चालत नाही.

म्हणून आता पहिल्या भेटीचं बोलणं आम्ही वर्गात एकमेकांसमोर मोठ्यानं म्हणून बघतो. ‘‘मी अजून शिकते आहे. आपलं बोलणं मी माझ्या मॅडमना सांगते. तुला कुणी त्रास देत असेल, तुझ्या जिवाला धोका असेल, तर ते मी लपवणार नाही. पण आधी तुला सांगेन.’’

‘‘मग मूल बोलेल तरी का?’’ असं एकानं विचारलं. काही मुलं खरंच गप्प होतात. ते पत्करावं लागतं. सुरगाणा, पेठकडून आलेल्या घरांत कधी थोरली बहीणच आमचं बोलणं आईला समजावून देते. तिच्यादेखत हे सगळं बोलायचं का, यावर वर्गात तासभर भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.

ती मधुमेहाची मुलगी पुढच्या तपासणीला आली, तेव्हा खुर्चीत बसता बसता विद्यार्थिनीला म्हणाली, ‘‘ताई, आज मॅडमना काय काय सांगणार?’’