जुनी सी-कयाक घेताना: ओरखडे कमी बघा, सांधे जास्त

सिएटल, व्हँकुव्हर किंवा वेल्सच्या किनाऱ्याजवळ घर केलेल्या मराठी मंडळींपैकी काहींना हमखास कयाकचं वेड लागतं. भाड्याच्या बोटीवर एखादा क्लास होतो, दोन-चार सहली होतात आणि मग स्वतःची बोट हवीशी वाटते. फायबरग्लासच्या नव्या बोटीची किंमत अमेरिकेत सहज चार हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणून सेकंडहँडच्या जाहिराती चाळल्या जातात. ऐकीव माहितीचा घोळ सुरू होतो तो तिथेच.

ही टूरिंग कयाक म्हणजे कोकण-गोव्यात तासाच्या भाड्याने मिळणारी, वर बसून वल्हवायची उघडी बोट नव्हे. साधारण १४ ते १८ फूट लांब, २० ते २४ इंच रुंद, वरून डेकने बंद, मध्ये बसायची जागा आणि पुढे-मागे सामानाचे बंदिस्त कप्पे असा तिचा थाट असतो. तंबू आणि चार दिवसांचा शिधा घेऊन बेटांवर जायचं ते हिच्यातून. जुन्या बोटीत काय बदलता येतं आणि काय जन्माचं असतं, एवढं ओळखलं की निम्मं काम झालं. गंमत अशी, की डोळ्यांत खुपणाऱ्या बहुतेक गोष्टी पहिल्या वर्गातल्या असतात.

गैरसमज: तळावर ओरखडे खूप, म्हणजे बोट कामातून गेली.

वस्तुस्थिती: समुद्रात वापरलेल्या बोटीचा तळ वाळूवर, शिंपल्यांवर, खडकांवर घासलेला असणारच. पॉलिएथिलीनच्या, म्हणजे साध्या भाषेत प्लास्टिकच्या बोटीवरचे ओरखडे नखाला लागत असले तरी बहुधा दिसण्यापुरतेच असतात. फायबरग्लासच्या बोटीवर बाहेरून जेलकोटचा रंगीत, चकचकीत थर असतो. ओरखडा त्या थरातच थांबला असेल तर तो भरून, घासून, पॉलिश करता येतो.

बघायचं ते वेगळंच. एका बिंदूपासून चहूकडे फाकलेल्या बारीक चिरा दिसल्या, तर त्या जागी मार बसलेला आहे. कप्प्याचं झाकण काढा आणि चिरांच्या नेमक्या मागच्या बाजूला टॉर्च मारा. काचेच्या धाग्यांचं कापड आजूबाजूसारखंच दिसत असेल तर मार वरवरचा. तिथे पांढरट डाग दिसला तर आतली राळ फुटून कापड सुटलेलं असण्याची शक्यता मोठी. मग बाहेरून अंगठा दाबा. जागा जास्त दबली, करकरली, की शंका पक्की. नाण्याने ठोकत गेलात तर घट्ट भाग टणक वाजतो आणि सुटलेला बद्द. तरीही सौदा लगेच मोडायचं कारण नाही. फायबरग्लासला आतून नवं कापड आणि राळ लावून भक्कम दुरुस्ती होते. तिचा खर्च किमतीतून वजा करायचा, इतकंच.

गैरसमज: फायबरग्लास नाजूक, प्लास्टिकला मरण नाही.

वस्तुस्थिती: खडकावर आपटल्यावर प्लास्टिक जास्त सोसतं, हे खरं. पण त्याचा शत्रू ऊन. वर्षानुवर्षं अंगणात उघडी पडलेली बोट रंगाने विटते, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि प्लास्टिक ठिसूळ बनतं. बसायच्या जागेखाली, कप्प्यांच्या तोंडाशी, मागच्या पात्याच्या, म्हणजे स्केगच्या, खाचेजवळ चीर पडली आहे का, ते बारकाईने बघा. प्लास्टिकची चीर हे मोठं दुखणं आहे, कारण पॉलिएथिलीनवर नेहमीचा गोंद किंवा राळ धरत नाही. काही प्रकारचं प्लास्टिक वितळवून सांधता येतं. क्रॉसलिंक्ड प्रकारचं वितळतच नाही. चीर पडलेली प्लास्टिकची बोट स्वस्तातही घेऊ नये.

दुसरा दोष साठवणुकीचा. गाडीच्या टपावर पट्टे आवळून किंवा दोन दांड्यांवर महिनोन् महिने ठेवलेल्या बोटीचा तळ आत दबतो. असा खड्डा भर उन्हात किंवा गरम पाणी ओतून, आतून रेटा दिला की बऱ्याचदा भरून येतो. संपूर्ण बोटच वाकली असेल तर मात्र इलाज अवघड. ती उलटी ठेवा, एका टोकाला डोळा लावा आणि तळाचा कणा दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळा. कणा डावी-उजवीकडे गेलेला दिसला तर ती बोट पाण्यातही एका बाजूला ओढत राहील.

गैरसमज: वीस वर्षांची बोट म्हणजे भंगार.

वस्तुस्थिती: नीट राखलेली फायबरग्लासची बोट कित्येक दशकं चालते आणि जुना आराखडा म्हणजे वाईट आराखडा असंही नाही. फ्रँक गुडमन यांनी नॉर्डकॅप ही बोट १९७५ च्या नॉर्वेतल्या मोहिमेसाठी घडवली. १९७७ मध्ये ब्रिटिश वल्हेकऱ्यांनी याच बोटींतून केप हॉर्नला वळसा घातला. तिच्या जुन्या प्रती आजही विकत घेतल्या जातात.

वय मोजायचं असेल तर विकणाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बोटींच्या मागच्या टोकाशी, उजव्या अंगाला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या बोटींवर त्यातले शेवटचे चार महत्त्वाचे. ‘डी४०४’ असेल तर ‘डी’ म्हणजे एप्रिल, पहिला चार म्हणजे बनवल्याचं साल २००४ आणि ०४ हे मॉडेलचं वर्ष. हा क्रमांक खरवडून काढलेला दिसला तर बोट चोरीची असू शकते. तिथून निघालेलं बरं.

वयाचा फटका खरा बसतो तो रबराला आणि दोऱ्यांना. कप्प्याचं रबरी झाकण हातात घेऊन वाकवा. कडेला चिरा उघडल्या तर नवं झाकण लागणार आणि काही मापांची झाकणं बरीच महाग असतात. डेकवरच्या सैल पडलेल्या इलॅस्टिक दोऱ्या मात्र एका संध्याकाळचं आणि थोड्या पैशांचं काम.

गैरसमज: रुंद बोट म्हणजे सुरक्षित बोट.

वस्तुस्थिती: शांत पाण्यात रुंद बोट डुलत नाही, म्हणून नवख्याला ती आवडते. पण सपाट तळाची रुंद बोट पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. लाट आडवी आली, पाणी तिरकं झालं, की बोटही तिरकी. अरुंद, गोलसर तळाची बोट सुरुवातीला अस्वस्थ करते, पण ती कलती करून धरता येते आणि लाट खालून निघून जाते. शिवाय रिकामी बोट सामान भरलेल्या बोटीपेक्षा जास्त डुलते. पहिल्या पाच मिनिटांच्या डुलण्यावरून बोट नापास करू नका.

गैरसमज: जितकी लांब, तितकी वेगवान.

वस्तुस्थिती: पाणी कापणाऱ्या बोटीच्या वेगाला लांबीची मर्यादा असते, हे बरोबर. पाण्यात बुडालेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घेऊन १.३४ ने गुणलं की ती मर्यादा नॉटमध्ये निघते. १६ फुटांना ५.३६ आणि १४ फुटांना साधारण ५. म्हणजे फरक एक तृतीयांश नॉटचा. त्यातही दिवसभर वल्हवणारा सामान्य माणूस तीन-चार नॉटनेच जातो. तिथे पाण्याचं घर्षण जास्त महत्त्वाचं आणि लांब बोटीला ते अधिक लागतं. लहान चणीच्या माणसाला मोठी बोट आणखी एका कारणाने जड जाते: ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत नेतो.

गैरसमज: वळण्यासाठी सुकाणू हवंच.

वस्तुस्थिती: कयाक वळते ती वल्ह्याने आणि बोट कलती करून. सुकाणू किंवा स्केग हवा असतो तो मुख्यतः सरळ जाण्यासाठी, कारण बाजूने वारा लागला की बहुतेक बोटींचं नाक वाऱ्याकडे वळू पाहतं. स्केग म्हणजे मागच्या खाचेतून खाली सोडायचं पातं. ते नसलेल्या काही बोटीही उत्तम चालतात. असेल तर सरकपट्टी हलवून ते पूर्ण खाली-वर करून पाहा. किनाऱ्यावरचा एखादा खडा खाचेत अडकलेला असतो आणि कोणीतरी जोर लावून तार मोडलेली असते. तार बदलता येते, पण ती धडधाकट असल्याचा भाव देऊ नका.

गैरसमज: कप्प्याच्या भिंतीला भोक आहे, म्हणजे बोट गळकी.

वस्तुस्थिती: आडव्या भिंतीत टाचणीएवढं भोक पुष्कळदा मुद्दाम ठेवलेलं असतं. उन्हात तापलेली बोट थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते. भोक नसेल तर झाकणं आत ओढली जातात. खरी गळती शोधायची तर कप्प्यात बादलीभर पाणी ओता, झाकण लावा आणि बोट पुढे-मागे, मग दोन्ही कुशींवर कलती करा. भिंतीच्या कडेने धार लागली तर सीलंटने काम भागेल. डेक आणि तळ जोडणाऱ्या लांब सांध्यातून पाणी झिरपलं तर तो मोठा खर्च आहे. जुन्या काही बोटींना पुढची भिंतच नसते. तिथे हवेच्या पिशव्या भरल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, कारण उलटल्यावर अशी बोट नाकाने बुडते.

गैरसमज: आत बसता आलं, म्हणजे माप जुळलं.

वस्तुस्थिती: बाकी बरंच काही दुरुस्त होतं, हे होत नाही. पाठीचा पट्टा बदलता येतो, कमरेशी फोम चिकटवता येतो, पायटे, म्हणजे पाय टेकवायचे आधार, पुढे-मागे सरकतात. डेकची उंची मात्र वाढत नाही. दहा नंबरचा बूट घालणाऱ्याचे पाय बुटक्या डेकखाली उभे राहतच नाहीत. म्हणून गवतावरच, पाण्यात घालायचेच बूट घालून अर्धा तास बसा. मांड्या डेकला टेकल्या पाहिजेत, पायाला मुंग्या येता कामा नयेत आणि हातांचा फारसा आधार न घेता चटकन बाहेर निघता आलं पाहिजे. पायट्यांची सरकपट्टी मिठाने गंजून अडकलेली नाही ना, तेही याच वेळी कळेल.

गैरसमज: बोट स्वस्तात मिळाली, पैसे वाचले.

वस्तुस्थिती: वल्हं, लाइफ जॅकेट, स्प्रे स्कर्ट, पाणी उपसायचा पंप ही यादी बोटीनंतर सुरू होते. विकणारा यातलं काय देतो, ते आधीच विचारा. स्प्रे स्कर्ट बसायच्या जागेचं तोंड झाकतो, म्हणून तो त्याच बोटीच्या तोंडाच्या मापाचा लागतो. सिएटलजवळच्या प्युजेट साउंडचं पाणी ऐन उन्हाळ्यातही मुख्य पात्रात १२-१३ अंशांच्या आसपास असतं. पडल्यावर काही मिनिटांत हाताची बोटं काम करेनाशी होतात. म्हणून तिथे अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट लागतो आणि तो नवा घेतला तर हजार डॉलरच्या आसपास जातो. बोटीवर वाचलेले पैसे इथे खर्च करायचे आहेत, हे धरूनच भाव करा.

भाव करताना तीन याद्या ठेवा. दोऱ्या, झाकणं, स्केगची तार, भिंतीचं सीलंट यांचा खर्च मोजून किंमत उतरवायला सांगा. जेलकोटमागचा पांढरा डाग आणि सांध्यातली गळती असेल तर दुरुस्ती करणाऱ्याचा अंदाज हातात आल्याशिवाय आकडा बोलू नका. चिरलेलं प्लास्टिक, वाकलेला कणा, खरवडलेला क्रमांक आणि न जुळणारं माप यांना सवलत नसते. विकणाऱ्याचे आभार माना आणि पुढची जाहिरात उघडा.