पित्ताच्या वाटेतली विरघळणारी जाळी

‘पित्त खवळलंय’ असं पुणेकर म्हणतो तेव्हा त्याच्या घशाशी आंबट आलेलं असतं, आणि कोकम सरबत, आवळा किंवा थंड दूध हा त्यावरचा उतारा घरोघरी ठरलेला असतो. पण ते आंबट म्हणजे जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. ते चवीला कडू, रंगाने पिवळं-हिरवं आणि गुणाने किंचित अल्कधर्मी असतं. भाषेतल्या या गोंधळाने एरवी कुणाचं काही बिघडत नाही. पित्तनलिकेत विरघळणाऱ्या धातूच्या स्टेंटविषयी बोलताना मात्र बिघडतं, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो ॲसिडमध्ये टाकलेला खिळा.

पित्तनलिका जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. तिच्यात खडा अडकला, एखाद्या शस्त्रक्रियेनंतर ती आकसली किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने दाबली गेली, की पित्त तुंबतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. ही कावीळ माळ घालून किंवा गावठी औषधाने उतरत नाही; तुंबलेली वाटच मोकळी करावी लागते. म्हणून तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट बसवतात. प्लास्टिकचा असेल तर बहुतेकदा सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी, जी साधारण तीन महिन्यांनी बदलावी किंवा काढावी लागते. धातूचा असेल तर निकेल-टायटॅनियमच्या नायटिनॉलची जाळी, जी आत गेल्यावर आठ-दहा मिलिमीटरपर्यंत उघडते. दुर्बीण नलिकेच्या तोंडापर्यंत पोचली नाही तर काय करावं, यावरही पुण्यात काम झालं आहे. एरंडवण्यातल्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या डॉ. अमोल बापये यांच्या चमूने सोनोग्राफीच्या दुर्बिणीने आतून बसवलेला स्टेंट आणि पोटावरून सुई घालून केलेला निचरा यांची तुलना २०१३ साली प्रसिद्ध केली.

बसवणं एकवेळ सोपं, आठवणीने काढणं अवघड. कावीळ उतरते, भूक लागते, पेशंट गावी जातो आणि स्टेंट विसरतो. मग नळी गाळाने भरते, हुडहुडी भरून ताप येतो, कधी तिच्याभोवतीच खडे धरतात. स्टेंट आपला आपण नाहीसा होईल तर किती बरं, ही कल्पना इथून निघते.

त्यावर पहिली शंका ठरलेली: धातू अंगात विरघळणार म्हणजे विषच की! पण यासाठी निवडलेले धातू मॅग्नेशियम, जस्त आणि लोह हे आहेत. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतंच, आणि रोजच्या जेवणातून तीन-चारशे मिलिग्रॅम लागतं. अंगात विरघळणारा धातू वापरायची कल्पना नवीही नाही. एडवर्ड ह्यूज या डॉक्टरने १८७८ सालीच रक्तस्राव थांबवायला मॅग्नेशियमची तार वापरली होती. मॅग्नेशियमला विरघळायला ॲसिड लागत नाही, क्षार असलेलं पाणी पुरतं. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड उरतं. हे हायड्रॉक्साइड म्हणजे ‘पित्तावरचं औषध’ म्हणून आपण हलवून पितो त्या अनेक बाटल्यांमधला पांढरा घटक. पित्ताच्या वाटेत बसवलेल्या स्टेंटचा गंज आणि पित्ताचं औषध एकच निघावं, हा योगायोग मोठा गमतीचा.

गंमत इथे संपते. शुद्ध मॅग्नेशियम मऊ असतं, म्हणून त्यात दुसरे धातू मिसळतात. एका प्रसिद्ध मिश्रधातूत तीन टक्के ॲल्युमिनियम असतं, दुसऱ्यात यिट्रियम आणि दुर्मिळ मृदा धातू. तेव्हा तपासायचं असतं ते हे मिश्रण. शिवाय एक ग्रॅम मॅग्नेशियममागे साधारण एक लिटर हायड्रोजन सुटतो. वायू हळूहळू सुटला तर शरीर तो वाहून नेतं. घाईने सुटला तर बुडबुडे साचतात, भोवतालचा सामू चढतो आणि पेशी होरपळतात.

म्हणूनच ‘विरघळतो, म्हणजे सुरक्षित’ हा उलट टोकाचा समज जास्त घातक. हृदयाच्या बाबतीत जगाने तो अनुभव घेतला आहे. ॲबट कंपनीचा विरघळणारा ‘ॲबसॉर्ब’ स्टेंट धातूचा नव्हता, पॉलिमरचा होता. अमेरिकेत त्याला जुलै २०१६ मध्ये परवानगी मिळाली. भारतात तो त्याआधीपासून बसवला जात होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली. कारण दिलं ते कमी खपाचं, पण तोवर त्यात नेहमीच्या स्टेंटपेक्षा गुठळ्या जास्त होतात हे अभ्यासांतून पुढे आलं होतं. (जाता जाता: फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींना जी मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटना. पित्तनलिकेच्या बिलावर तोच आकडा शोधणारे नातेवाईक चुकीच्या पानावर बोट ठेवतात.)

एखादा विरघळणारा स्टेंट हृदयात चालला तरी तो पित्तनलिकेतही चालेल, असं नाही. पित्तात क्षार, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडं असतात. स्टेंट नलिकेचं तोंड उघडं ठेवत असेल तर आतड्यातले जंतूही वर चढतात. सुटलेला तुकडा वाहून आतड्यात पडला तर ठीक, नलिकेतच आडवा झाला तर पुन्हा कावीळ. त्यामुळे मिठाच्या पाण्यात किंवा कृत्रिम रक्तद्रवात मोजलेला विरघळण्याचा वेग इथे पुरत नाही. चाचणी पित्तात, तीही वाहत्या पित्तात घ्यावी लागते.

पुण्याचा या कथेतला वाटा बहुतेकांना ठाऊक नसतो. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वंश पुरवणारं राष्ट्रीय भांडार तिथे आहे, आणि शरीरात बसवायच्या पदार्थांवरच्या कितीतरी भारतीय शोधनिबंधांत ‘पेशी पुण्याहून आणल्या’ अशी ओळ सापडते. विषारीपणाच्या चाचणीत नेहमी दिसणारा वंश म्हणजे एल-९२९. मूळ उंदराच्या ऊतीतल्या या पेशी १९४० च्या दशकापासून काचेच्या भांड्यांत वाढत आहेत. स्टेंटचा नमुना ३७ अंशांवर द्रवात भिजवायचा, तो अर्क पेशींना द्यायचा आणि किती जगल्या ते मोजायचं. आयएसओ १०९९३ या मानकाप्रमाणे जगण्याचं प्रमाण ७० टक्क्यांखाली गेलं, तर नमुना विषारी.

हा नियम न विरघळणाऱ्या वस्तूंसाठी उत्तम. मॅग्नेशियमला मात्र तो दोन्ही बाजूंनी फसवतो. बंद भांड्यात अर्काचा सामू इतका चढतो की शरीरात निरुपद्रवी ठरू शकणारा नमुनाही नापास होतो. म्हणून अर्क सहा ते दहा पट पातळ करावा, अशी शिफारस झाली. दुसरी फसवणूक अधिक लबाड आहे. पेशी जिवंत असल्या की रंग बदलणारं एक रसायन या चाचणीत सर्रास वापरतात, आणि गंजणारं मॅग्नेशियम पेशींशिवायच तो रंग बदलून दाखवतं! मेलेल्या पेशी कागदावर जिवंत ठरतात. २०१० मध्ये हे दाखवून दिलं गेलं, आणि तेव्हापासून अशा एकाच चाचणीवर विसंबलेला निकाल जाणकार संशयाने वाचतात.

मग पाळी प्राण्यांची. सशांच्या आणि डुकरांच्या पित्तनलिकेत मॅग्नेशियमचे स्टेंट बसवून पाहिले गेले आहेत. रक्ततपासणीत यकृत ठीक, सूक्ष्मदर्शकाखाली सूज मर्यादित, असे दिलासादायक निकाल त्यांतून आले. ‘प्राण्यांत जमलं म्हणजे झालंच’ असं मात्र म्हणता येत नाही. सशाची नलिका चिमुकली, आणि बहुतेक वेळा निरोगी. माणसाची आकसलेली नलिका रुंद राहायला महिनोन्‌महिने आधार लागतो, तर लेप नसलेलं मॅग्नेशियम काही आठवड्यांतच ताकद गमावतं. लोहाची तऱ्हा उलटी, ते हटता हटत नाही. जस्त मधल्या वेगाचं, पण प्रमाण वाढलं की पेशींना सोसत नाही. सुरक्षिततेची परीक्षा शेवटी वेळापत्रकाची असते: ताकद कधी संपते आणि तुकडे कधी सुटतात.

भारतात अशा वस्तूला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत, आणि शरीरात विरघळून जाणारी रोपणं सर्वांत कडक डी वर्गात मोडतात. माणसांवर चाचणी घ्यायची तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता आणि देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद लागते. ही नोंदवही सर्वांना खुली आहे. ‘नवीन विरघळणारा स्टेंट टाकतोय’ असं कुणी सांगितलं तर नातेवाइकांनी नोंदणी क्रमांक विचारावा, त्यात आगाऊपणा काही नाही.

युरोपात पित्तनलिकेसाठी वापरात आले ते विरघळणारे स्टेंट प्रामुख्याने पॉलिमरचे. त्यांतले काही पॉलिडायऑक्सॅनोनचे, ज्याचा विरघळणारा टाका सर्जन वर्षानुवर्षं घालत आले आहेत. पुण्यातल्या नेहमीच्या पेशंटच्या वाट्याला येतो तो अजून प्लास्टिकचा किंवा नायटिनॉलचा. प्लास्टिकचा असेल, तर डिस्चार्ज कार्डावरची काढायची तारीख घरी पोचल्या पोचल्या कालनिर्णयाच्या चौकटीत लिहावी, दुधाच्या हिशोबाशेजारी.