कॉकपिटची तेरीज
(घरच्या संगणकावर एटीआर विमानाचा अभ्यास)

विमान चालविणे म्हणजे दांडा पुढे-मागे करणे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. घरच्या संगणकावर विमानाचे खेळ खेळणारी मंडळीही बरेचदा एवढ्यावरच थांबतात. विमान धावपट्टीवर तयार उभे असते, इंजिने चालू असतात, खेळाडूने फक्त उडावयाचे! परंतु गेल्या काही वर्षांत या कार्यक्रमांचे स्वरूप पालटले आहे. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२३ च्या एप्रिलात एटीआर ४२ आणि एटीआर ७२ ही विमाने आली. त्यांच्या कॉकपिटमधील बटणे नुसती रंगविलेली नाहीत. बहुतेक बटणांच्या मागे खऱ्या विमानातील यंत्रणेसारखी यंत्रणा उभी आहे. विमान थंड आणि अंधारे मिळते. बॅटरीपासून सुरुवात करून ते जिवंत करणे हाच अभ्यास. या अभ्यासात मला जे उमगले ते विज्ञान शाखेच्या वाचकांना कदाचित बाळबोध वाटेल. पण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, आणि माझ्यासारख्यांनाही हे कळू शकते एवढे सांगण्यासाठी हा लेख.

एटीआर ही फ्रान्स व इटली यांची संयुक्त कंपनी. ती १९८१ साली निघाली. कारखाना फ्रान्समध्ये तुलूझ येथे. एटीआर ७२ चे पहिले उड्डाण १९८८ च्या ऑक्टोबरात झाले. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर ही पंख्याची विमाने उतरताना अनेकांनी पाहिली असतील. पंखे दिसतात म्हणून हे विमान जुन्या पद्धतीचे असावे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. पंख्यामागे जेट विमानात असते तसेच टर्बाइन असते. फरक इतकाच की जेटमध्ये मागून सुटणारा झोत विमानाला ढकलतो, तर येथे त्या झोताची बहुतेक शक्ती पंखा फिरविण्यात खर्ची पडते. टर्बोप्रॉप म्हणतात ते यालाच.

आता यातील एक मौज. इंजिनाचा जो भाग हवा दाबतो आणि इंधन जाळतो, त्याचा पंख्याशी दांड्याने जोड नाही. जळालेला वायू जाता जाता एका स्वतंत्र चक्राला फिरवितो, आणि ते चक्र दात्यांच्या पेटीमार्फत पंख्याला. एक टेबल-पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवावा आणि पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, तसा हा प्रकार. ते चक्र मिनिटाला सुमारे वीस हजार फेरे घेते. पंख्यापर्यंत येता येता त्याचे बाराशे होतात. जोड वाऱ्याचाच असल्यामुळे पंखा घट्ट धरून ठेवला तरी इंजिन बंद पडत नाही.

एटीआरच्या निर्मात्यांनी याचा फायदा मोठ्या हुशारीने घेतला आहे. मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत एक छोटे जादा इंजिन असते. जमिनीवर वीज आणि थंड हवा ते पुरविते. एटीआरमध्ये ते नाही. जादा इंजिन म्हणजे जादा वजन, जादा देखभाल, म्हणजेच जादा खर्च. त्याऐवजी उजव्या पंख्याला ब्रेक लावून उजवे इंजिन तसेच चालू ठेवतात. याला हॉटेल मोड असे गमतीचे नाव आहे. प्रवासी निर्धास्त चढताहेत, आत दिवे व गार वारा आहे, आणि बाहेर पंखा मुकाट्याने उभा!

प्रत्यक्ष सुरुवात कशी होते ते पाहू. बॅटरी चालू केली की डोक्यावरच्या फळ्यावर पिवळ्या दिव्यांची दिवाळी होते. नवशिका येथेच बिचकतो. वास्तविक त्यात भिण्यासारखे काही नाही. जनरेटर फिरत नाही म्हणून त्याचा दिवा, पंपाला दाब नाही म्हणून त्याचा दिवा. या विमानाचा नियम असा की सर्व काही ठीक असेल तर एकही दिवा लागत नाही. निळा दिवा म्हणजे तात्पुरत्या गरजेची एखादी यंत्रणा नीट चालू आहे. हिरवा म्हणजे पर्यायी यंत्रणा कामाला लागली आहे. पांढरा म्हणजे बटण नेहमीच्या जागी नाही. पिवळा म्हणजे लक्ष द्या. तांबडा म्हणजे ताबडतोब काहीतरी करा. मला हे पाहून तेरीजपत्रकाची आठवण झाली. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की हिशेबनीस काही बोलत नाही. फरक पडला तरच शोधाशोध.

पंख्याला ब्रेक लावावयाचा तर तेलाचा दाब हवा. विमानात तेलाच्या दोन वाहिन्या आहेत, निळी आणि हिरवी. चाके खाली-वर करणे आणि नेहमीचे ब्रेक हिरवीकडे. फ्लॅप, पुढच्या चाकाचे वळण, उभ्या विमानाचा ब्रेक आणि हा पंख्याचा ब्रेक निळीकडे. त्यांचे मुख्य पंप ज्या विजेवर चालतात ती वीज पंखा फिरल्याशिवाय होत नाही. आणि पंखा तर आपल्याला थांबवून ठेवावयाचा आहे! म्हणून निळ्या वाहिनीला बॅटरीवर चालणारा एक छोटा जादा पंप दिला आहे. तो आधी चालवावा लागतो. कृतींची यादी पाठ करणाऱ्याला ही नुसती आणखी एक ओळ वाटते. कारण माहीत असलेल्याला पाठ करावी लागत नाही.

मग इंजिन. स्टार्टरचे बटण दाबले की टर्बाइन फिरू लागते. एन-एच नावाचा काटा दहा टक्क्यांवर गेला की कंडिशन लिव्हर 'इंधन बंद'मधून पुढच्या खुणेवर न्यावयाचा. इंधन येते, पेट घेते, आणि तपमानाचा आकडा भराभर चढू लागतो. ह्या क्षणी डोळा तपमानावरून हलता कामा नये. बॅटरी अशक्त असेल तर टर्बाइन मंद फिरते, हवा कमी पडते, इंधन मात्र ठरल्याप्रमाणे येतच राहते. मग आतली आच मर्यादेबाहेर जाऊन लाखमोलाची पाती खराब होऊ शकतात. चुलीत लाकडे भरली आणि फुंकणी सोडली की धूर होतो, येथे उलट भट्टी होते. आकडा मर्यादेकडे धावतो आहे असे दिसताच लिव्हर मागे ओढून इंधन तोडावयाचे. सारे ठीक असेल तर पंचेचाळीस टक्क्यांवर स्टार्टर आपोआप सुटतो, आणि तेच यंत्र आता जनरेटर होऊन वीज देऊ लागते. बॅटरीकडून घेतलेले कर्ज व्याजासह फेडण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

निघण्याची वेळ झाली की ब्रेक सोडून तोच लिव्हर 'ऑटो'वर न्यावयाचा. पंख्याची पाती वळतात, वेग सत्तर टक्क्यांपर्यंत येतो. पंख्याच्या पेटीवर बसविलेले दुसरे जनरेटर वीज देतात, तेलाचे मुख्य पंप चालतात आणि राहिलेले पिवळे दिवे एकामागून एक विझतात. तेरीज जुळली!

'पाती वळतात' म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून (कंडक्टरची नजर चुकवून) हात बाहेर काढावा. तळवा वाऱ्यासमोर धरला तर हात मागे ढकलला जातो. तळव्याची कड वाऱ्याकडे केली तर वारा हळूच निघून जातो. पंख्याच्या सहा पात्यांचेही तसेच. पात्यांचा कोन कमी-जास्त करून यंत्रणा पंख्याचा वेग ठरलेल्या आकड्यावर ठेवते. चढताना आणि प्रवासात हा आकडा ब्याऐंशी टक्के असतो. वैमानिकाने जास्त शक्ती मागितली तर पंखा जोरात फिरत नाही, पाती हवेचा मोठा घास घेतात. आणि इंजिन बंद पडले तर पाती कडेवर वळवून टाकतात, म्हणजे मेलेला पंखा विमानाला मागे ओढत नाही. याला फेदर करणे म्हणतात. पॉवर लिव्हर दोन, कंडिशन लिव्हर दोन. पहिल्यांनी शक्ती मागावयाची, दुसऱ्यांनी इंधन आणि फेदर यांचा कारभार पाहावयाचा. हा भेद या विमानातला सर्वांत महत्त्वाचा भेद आहे, असे माझे मत झाले आहे, आणि त्याला कारण दोन अपघात.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून ट्रान्सएशियाचे एटीआर ७२-६०० उडाले. या विमानात अशी सोय आहे की उड्डाणाच्या वेळी एक इंजिन गेले तर त्याचा पंखा आपोआप फेदर होतो आणि दुसऱ्याची शक्ती नव्वद टक्क्यांवरून शंभरावर जाते. त्या दिवशी या सोयीच्याच एका भागात दोष निघाला आणि उजवा पंखा उगाचच फेदर झाला. तरीही डावे इंजिन विमान नेण्यास समर्थ होते. कप्तानाने मात्र डाव्याचा लिव्हर मागे घेतला आणि ते चांगले इंजिन बंद केले. विमान कीलुंग नदीत कोसळले. ५८ पैकी ४३ जण गेले.

दुसरा अपघात आपल्या शेजारचा. १५ जानेवारी २०२३ रोजी यती एअरलाइन्सचे एटीआर ७२ काठमांडूहून पोखऱ्याच्या नव्या विमानतळावर उतरत होते. फ्लॅप तीसवर घ्या, असे सांगितले गेले. फ्लॅपचा दांडा कंडिशन लिव्हरच्या शेजारीच असतो. हात दोन्ही कंडिशन लिव्हरवर गेला आणि ते फेदरवर ओढले गेले. इंजिने चालूच होती, आवाज होता, पॉवर लिव्हर पुढे ढकलले तरी ओढ मात्र शून्य; कारण पाती कडेवर वळलेली. विमानातील सर्व ७२ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीच्या अहवालातून हे सारे बाहेर आले. हातून हे कसे घडले, असे घरी खुर्चीत बसून विचारणे सोपे आहे. मला तो प्रश्न विचारावासा वाटत नाही. पण पडद्यावर टॉर्कचे दोन्ही काटे शून्याकडे जाताना आणि इंधन मात्र वाहताना दिसले, तर त्याचा अर्थ काय, हे त्या अहवालानंतर मी आधी शिकलो.

येथेच घरच्या अभ्यासाची मर्यादाही ध्यानात येते. खऱ्या विमानात लिव्हरांच्या मुठी निरनिराळ्या आकाराच्या असतात. डोळा दुसरीकडे असला तरी हाताला त्या ओळखू याव्यात हा हेतू. संगणकाच्या उंदराला सगळ्या मुठी सारख्याच! पोखऱ्याचा धडा हाताचा आहे, आणि माझ्याजवळ तेथे हातच नाही. शिवाय घरी बसून केलेले तास कोणी मोजत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे दोनशे तासांचे प्रत्यक्ष उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च आमच्यासारख्या घरांनी नुसता ऐकावा असा आहे. कार्यक्रमाच्या जाहिरातीत वैमानिक होण्याची स्वप्ने दाखवितात, ती मनावर घेऊ नयेत.

यंत्रणा समजून घेण्यास मात्र ही जागा उत्तम. ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी उड्डाणाच्या मागे न लागता विजेपासून आरंभ करावा. एक वही घ्यावी, डाव्या पानावर वीज देणारे, उजव्या पानावर वीज घेणारे लिहावेत. मग इंजिने चालू असताना एक डी.सी. जनरेटर बंद करावा, पण त्याआधी कोणते दिवे लागतील ते वहीत लिहून ठेवावे. उत्तर पुष्कळांना चकविते: बटणाच्या पांढऱ्या दिव्याखेरीज फारसे काही घडत नाही, कारण दोन्ही बाजूंचा जोड आपोआप लागून दुसरा जनरेटर सारा भार उचलतो. नंतर दुसराही बंद करावा. आता बॅटरीवरच सारी मदार, असे लिहिणारे अर्धेच बरोबर. पंखे अजून फिरताहेत, त्यांच्या पेटीवरचे जनरेटर जिवंत आहेत, आणि त्यांची वीज बदलून अत्यावश्यक खात्यांकडे वळविणारे एक बटण डोक्यावर आहे. ते कोठे आहे हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून येथे सांगत नाही.