रागावलेले पक्षी

फिनलंडांतील रोव्हिओ कंपनीनें ५१ खेळ रचले; तरी २००९ सालीं ती बुडण्याच्या बेतांत होती. त्याच डिसेंबरांत तिचा ‘अँग्री बर्ड्स’ निघाला आणि जगभर पसरला. त्यांत नवें काय, असें विद्यार्थी पुसतील. गोळा फेंकून इमला पाडण्याची युक्ति ‘क्रश द कॅसल’ या खेळांत आधींच येऊन गेली होती. नवेपणा होता तो पक्ष्यांच्या मुद्रेंत. पाय नाहींत, पंख नाहींत, भुंवया मात्र रागानें जुळलेल्या! याक्को ईसालो यांचें हें चित्र आधीं जन्मलें. खेळ मागाहून त्याभोंवतीं रचला गेला. घटकाभराच्या करमणुकीशीं माणूस इमान राखीत नाहीं, ओळखीच्या चेहऱ्याशीं राखतो. लोकांनीं त्या पक्ष्यांचीं खेळणीं घेतलीं, २०१६ सालीं चित्रपटहि पाहिला. २०२३ सालीं जपानच्या सेगा कंपनीनें रोव्हिओ विकत घेतली. ती खरेदी मुख्यत्वें या चेहऱ्यांचीच होती, असें आम्ही समजतों.