रक्त तपासून कर्करोग कळेल का?

"डॉक्टर, रक्त तपासा आणि कर्करोग आहे की नाही ते एकदाचे सांगून टाका," अशी मागणी माझ्याकडे नेहमी होते. घरात कोणाला हा आजार होऊन गेला असेल, तर ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु सर्व कर्करोग खात्रीने ओळखणारी एकच रक्ततपासणी आजही उपलब्ध नाही. ती का नाही आणि शास्त्रज्ञ त्यासाठी काय करीत आहेत, ते आज पाहू.

कर्करोगाच्या गाठीतून काही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांना 'मार्कर' म्हणतात. अडचण आहे ती त्यांच्या प्रमाणाची. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे नेहमीचे प्रथिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते. प्रोस्टेट ग्रंथीच्या 'पीएसए' या मार्करची संशयाची मर्यादा मात्र त्याच मिलिलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅम धरली जाते. म्हणजे अल्ब्युमिनच्या एक कोटीव्या हिश्श्याइतकी! अल्ब्युमिनच्या या गर्दीत नवा मार्कर हुडकणे किती अवघड, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

येथे नॅनोकण कामी येतात. हे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे बारीक असतात. रक्तात शिरताच त्यांच्याभोवती प्रथिनांचे आवरण चढते. गवतातून चालून आलेल्या माणसाच्या धोतराला चिकटलेली कुसळे पाहून तो कोणत्या रानातून आला ते सांगता येते, तसाच हा प्रकार. विशेष म्हणजे या आवरणात एरवी न सापडणारी, अगदी थोडी असलेली प्रथिनेही गोळा होतात.

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात कोस्तास कोस्तारेलोस व मारिलेना हाजीदेमेत्रिऊ यांच्या गटाने याचाच उपयोग केला. बीजकोशाच्या कर्करोगावर काही स्त्रियांना स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म फुग्यांत भरलेले औषध शिरेतून दिले जात होते. औषध दिल्यावर त्यांचे रक्त घेऊन शास्त्रज्ञांनी ते फुगे पुन्हा वेगळे काढले आणि त्यांवर चिकटलेली प्रथिने तपासली. हे काम २०१९ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या शरीरात फिरून आलेले कण असे तपासता येतात, हे त्यातून दिसले.

पण मार्कर सापडला म्हणजे जीव वाचला, असे नाही. 'सीए-१२५' हा बीजकोशाच्या कर्करोगाचा मार्कर १९८१ पासून माहीत आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. सीए-१२५ च्या नियमित तपासणीने रोग काही जणींत लवकर सापडला. तरीही या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. शिवाय हा मार्कर मासिक पाळीत, गर्भाशयाच्या साध्या गाठींत, पोटाच्या क्षयातही वाढतो. म्हणून लक्षण नसताना, केवळ जाहिरात वाचून मार्करच्या तपासण्या करून घेऊ नयेत. अहवाल वाढीव आला तर झोप उडते, चांगला आला तर खोटा दिलासा मिळतो. मात्र उपचार चालू असताना डॉक्टरांनी सांगितलेली मार्करची तपासणी चुकवू नये. तिचा तेथे खरा उपयोग आहे.

याउलट साध्या तपासणीचे मोल पाहा. मुंबईत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. तेवढ्याने तेथील कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जाहीर झाले.

नॅनोकणांचे संशोधन आशादायक आहे, पण त्याची परीक्षा अजून व्हायची आहे. तोवर तिशी ओलांडलेल्यांनी तोंडाची, आणि स्त्रियांनी स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव यांपैकी काही दिसले, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.