डिझेल वाचते मालकाचे, तास जातात ड्रायव्हरचे

पेणच्या रामवाडीतून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग कधी झोपत नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्यातून पत्र्याची कॉइल घेऊन निघालेले ट्रेलर, रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे टँकर, वडखळ नाक्याकडून येणारे डंपर यांची रात्रंदिवस रीघ असते. या गाड्यांच्या स्टिअरिंगवर आपल्या समाजातील कितीतरी तरुण बसलेले आहेत. जमीन नाही, कारखान्यात कायमची नोकरी नाही, तेव्हा जड वाहनाचा परवाना काढायचा आणि केबिनमध्ये चढायचे, ही अनेक घरांची कहाणी आहे. म्हणूनच गाड्यांचा वेग कमी करून धूर कमी करावा, या मागणीवर ड्रायव्हर काय म्हणतात हे ऐकले पाहिजे.

आपल्याकडे वेगाचे बंधन मुख्यत: अपघात टाळण्यासाठी आले. २०१५ साली केंद्र सरकारने नियम केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवणे भाग पडले. डंपर, टँकर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ही मर्यादा ६० ची. इंधनासाठी वेग कमी करण्याचा विचार मात्र त्याहून जुना आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली. तेव्हा तिथल्या स्वतंत्र ट्रकवाल्यांनी महागलेले डिझेल आणि उतरवलेला वेग या दोन्हींविरुद्ध गाड्या थांबवल्या होत्या. अलीकडे, मार्च २०२० मध्ये, नेदरलँड्सने हवेतील नायट्रोजनचे प्रदूषण घटवण्यासाठी दिवसाची मर्यादा १०० वर आणली. पण ती मोटारींसाठी होती. तिथले ट्रक आधीपासूनच ८० वर बांधलेले आहेत.

यामागचे शास्त्र खोटे नाही. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीने वाढतो आणि तो कापण्यात डिझेल जळते. एक लिटर डिझेल जळाले की साधारण पावणेतीन किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था गाडी ताशी ४५ ते ५५ वर ठेवा असे सांगत आली आहे. जुन्या ड्रायव्हरांना हे सांगायची गरज नाही. भरल्या गाडीत ॲक्सिलेटरवर पाय दाबून ठेवला की डिझेलचा काटा कसा उतरतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

मग तक्रार कसली? तक्रार तासांची आहे. आपण कागदावर हिशेब मांडू. ३०० किलोमीटरची खेप आहे. सरासरी ६० ने पाच तास लागतात, ५० ने सहा. गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असे धरले तर ७५ लिटर डिझेल लागते. वेग उतरवल्याने त्यात दहा टक्के बचत होते असे हिशेबापुरते समजू. साडेसात लिटर वाचले. लिटरला ९० रुपये धरले तर ६७५ रुपये झाले आणि सुमारे २० किलो कार्बन कमी गेला. महिन्याला अशा वीस खेपा केल्या तर मालकाचे साडेतेरा हजार रुपये वाचतात. ड्रायव्हरचे वीस तास, म्हणजे आठ तासांचे अडीच दिवस, जास्त जातात. आता विचारा, ड्रायव्हरला पैसे कशावर मिळतात? बहुतेकांना खेपेवर. अडीच दिवसांचा वाढीव घाम कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

मालक स्वत:च ड्रायव्हर असेल तर गोष्ट वेगळी. महामंडळाचे किंवा बँकेचे कर्ज काढून ज्याने एक टेम्पो घेतला, तो आपणहून सावकाश चालवतो, कारण वाचलेले डिझेल त्याच्याच खिशात राहते. एकच रस्ता, एकच इंजिन, पण मत बदलते. ड्रायव्हर लोक अडाणी आहेत, त्यांना प्रदूषण कळत नाही, असे जे सुशिक्षित म्हणतात, त्यांनी एवढा फरक तरी ध्यानात घ्यावा.

कामाच्या तासांचा प्रश्न आपल्याला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. वाहतूक कामगारांना तेच ४८ तास मिळायला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा यावा लागला. दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असे त्यात लिहिले होते. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या, तो त्यातून सुटला. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे. खेपेवरच्या ड्रायव्हरचे तास मात्र अजून पोहोचायच्या वेळेवरच ठरतात. कंपनीच्या गेटवर उशीर झाला की भाड्यातून कपात, आणि लवकर जायला गाडी दाबली की ई-चलान. २०१९ च्या दुरुस्तीने जड वाहनाला वेगमर्यादा मोडल्याचा दंड २ ते ४ हजार रुपये केला. तो गाडीच्या नावावर येतो आणि पुष्कळदा पगारातून वळता होतो. जुलै २०२५ मध्ये ई-चलानविरुद्ध राज्यातील मालवाहतूकदारांनी संप पुकारला. मालकांची बाजू त्यात ऐकू आली, ड्रायव्हरची फारशी नाही.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हर सांगतात, ती इंजिनिअरांनीही मान्य करावी अशी आहे. धूर नुसत्या वेगाने होत नाही, तो धरसोडीने होतो. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. खड्डा आला की ब्रेक, मग पहिला गिअर, मग दुसरा, पुढे वळण-रस्त्याचा फलक. तीस टनांची गाडी शून्यावरून पुन:पुन्हा उचलायची म्हणजे डिझेलची होळीच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत धूर धुण्यासाठी जे द्रावण घालतात, ज्याला ड्रायव्हर नुसते ‘युरिया’ म्हणतात, तेही सायलेन्सर पुरेसा तापल्याशिवाय नीट काम करत नाही. रखडत चालणाऱ्या गाडीत तो तापत नाही. जिथे गाडी तिशीच्या वर जातच नाही, तिथे ८० चा फलक काढून ६० चा लावल्याने कोणाची हवा शुद्ध होणार?

त्या धुरात पहिला श्वास ड्रायव्हर आणि क्लीनर घेतात, दुसरा महामार्गालगतच्या वस्त्या घेतात. त्या वस्त्या कोणाच्या असतात हे वाचकांना सांगायला नको. म्हणून वेग कमी करण्याला ड्रायव्हरांचा सरसकट विरोध आहे असे मानणे चूक आहे. उलट घरातल्या बायका तर वेग कमी व्हावा याच बाजूच्या आहेत. नवरा रात्री दोनला येणार असेल तर तीनला येवो, पण सुखरूप येवो, असे त्या म्हणतात. फक्त तीनला आलेल्या माणसाला सकाळी सातला पुन्हा गाडीवर बोलावू नये, एवढी पुस्ती त्या जोडतात.

ड्रायव्हरांची मागणी थोडक्यात अशी आहे. वेग उतरवा, पण त्याच दिवशी खेपेची वेळही वाढवून लिहून द्या. वाचलेल्या डिझेलातला वाटा भत्त्यात घाला. चलान कोणी भरायचे ते कामावर ठेवतानाच कागदावर ठरवा. माल उतरवायला गेटवर जे सहा-सहा तास बसवतात, ते कामाचे तास धरा. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, असे धाटावला टँकर नेणारे एक ज्येष्ठ ड्रायव्हर सांगतात. रस्त्यावर एक तास वाचवण्यासाठी जिवावर उदार व्हायचे आणि गेटवर सहा तास डास मारत बसायचे, यातला वेग कोणाच्या कामाचा, असे ते विचारतात. त्यांनी आता स्वत:च्या खिशात एक छोटी वही ठेवली आहे. गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, गेटवर कधी आत घेतली, हे तारीख-वेळेसह ते त्यात लिहितात. आपल्या मंडळांनी ड्रायव्हर बांधवांना अशा वह्या वाटायला हरकत नाही. पुढच्या वेळी मालकाशी बोलणी होतील तेव्हा तासांचा पुरावा तरी हातात असेल.